मागच्या बाजूचं सामान

१९७१ च्या मार्चमध्ये जेथ्रो टल या ब्रिटिश बँडचा ‘ॲक्वालंग’ हा अल्बम आला. पहिल्या बाजूवरचं दुसरं गाणं ‘क्रॉस-आइड मेरी’. बारा वर्षांनी, १९८३ च्या जूनमध्ये, आयर्न मेडन या मेटल बँडने तेच गाणं आपल्या पद्धतीने वाजवून ‘द ट्रूपर’ या सिंगलच्या मागच्या बाजूला टाकलं. दोन्ही वेळा लांबी चार मिनिटांच्या आसपास. गाणं कुठे गेलेलं नाही, कुणीही कधीही ऐकावं. त्याच्या आजूबाजूचं सामान मात्र उचललं गेलं, काही एकदम, काही हळूहळू. त्याची ही नोंद, आठवेल त्या क्रमाने.

मागची बाजू. सात इंची तबकडी, मिनिटाला ४५ फेरे. पुढचं गाणं रेडिओसाठी आणि दुकानासाठी. मागे काहीतरी घालावंच लागे, कारण तबकडीला पाठ असते आणि पाठ कोरी ठेवणं बरं दिसत नाही. काय घालायचं याची कंपनीला फारशी फिकीर नसे. अल्बममधून गळलेलं एखादं, मैफलीत टिपलेलं एखादं, नाहीतर दुसऱ्या कुणाचं तरी. मेडनने हा तिसरा मार्ग पुन्हापुन्हा धरला. ‘फ्लाइट ऑफ इकारस’च्या मागे माँट्रोजचं गाणं, ‘टू मिनिट्स टू मिडनाइट’च्या मागे बेकेटचं, ‘एसेस हाय’च्या मागे नेक्टरचं ‘किंग ऑफ ट्वायलाइट’. बेकेट हे नाव आज किती जणांना आठवेल? सत्तरच्या दशकातला न्यूकॅसलचा बँड, नाव होण्याआधीच विरलेला. या मागच्या बाजू ओळीने लावल्या, की बँडचा बेसवादक आणि म्होरक्या स्टीव्ह हॅरिस पूर्व लंडनमध्ये वयात येताना काय काय ऐकत होता ते कळतं. टल त्यात होतेच. कुठल्याही मुलाखतीपेक्षा ही यादी जास्त खरी, कारण कुणाला काही पटवून देण्यासाठी ती केलेलीच नव्हती.

या व्यवहाराला पैशाची एक बाजू होती आणि ती मला फार आवडते. सिंगलच्या विक्रीवर गीत-संगीतकारांना मिळणारी रॉयल्टी दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाई. मागचं गाणं कुणी एकदाही वाजवलं नाही तरी त्याचा वाटा त्याला मिळे. ‘द ट्रूपर’ ब्रिटिश यादीत १२ व्या क्रमांकापर्यंत गेलं. लोकांनी विकत घेतला तो पुढचा घोडेस्वार, आणि पाठीवर बसून आलेल्या, मागचं गाणं लिहिणाऱ्या टलच्या इयन अँडरसनचं नाव निम्म्या वाट्याला लागलं. आज गाणं जितक्यांदा वाजेल तितकाच त्याचा हिशेब. चोख पद्धत आहे, तक्रारीला जागा नाही. पण न ऐकलेल्या गाण्याचीही मिळकत व्हावी, इतकं औदार्य बाजारात परत दिसणं कठीण.

(आपल्याकडच्या भावगीतांच्या ७८ च्या तबकड्याही दोन बाजूंच्याच. पुढच्या गाण्यासाठी घेतलेली तबकडी मागूनच जास्त झिजलेली, असं पाहिलेले लोक अजून आहेत.)

वेष्टन. डेरेक रिग्जने रंगवलेला एडी, म्हणजे मेडनचं ते सांगाडारूपी दैवत, लाल लष्करी कोटात, हातात ब्रिटिश झेंडा, मागे रणभूमी. गाण्याचा विषय १८५४ ची बालाक्लाव्हाची लढाई, तोफांच्या तोंडी गेलेलं घोडदळ. आणि या सगळ्या वीररसाच्या पाठीला पाठ लावून उत्तर लंडनमधल्या हायगेटची मेरी. कुणी ठरवून ही जोडी जुळवली असती तर त्याला विनोदी म्हटलं असतं.

शेजार गेला तो आणखी आधी, १९८३ मध्येच. ‘ॲक्वालंग’ अल्बममध्ये पहिलं गाणं ॲक्वालंग नावाच्या बेघर म्हाताऱ्याचं आहे. अँडरसनच्या तेव्हाच्या पत्नीने, जेनीने, टेम्सच्या काठी राहणाऱ्या बेघरांचे फोटो काढले होते, त्यातून ते सुचलं. शब्दांतही तिचा वाटा आहे. ते संपलं की लगेच मेरीचं गाणं लागतं, आणि त्यात हाच म्हातारा कुंपणाच्या गजांआडून डोकावून जातो. सलग ऐकणाऱ्याला तो ओळखीचा असतो, सहा-सात मिनिटांपूर्वीच भेटलेला. मेडनच्या तबकडीवर त्याची ओळख करून देणारं गाणं नाही. कोण हा, कुठून आला, गजांआडून का बघतोय, काही कळायला मार्ग नाही. दुसऱ्याच्या वाड्यातून एक खोली उचलून आणली आणि भिंतीबरोबर एक भाडेकरूही आला, असं काहीतरी झालं. आता प्लेलिस्टवर सगळीच गाणी बिनशेजाराची. मेडनने हे एका गाण्यापुरतं केलं, आपण सगळ्यांचं केलं.

त्याच अल्बमच्या दोन बाजूंना नावं होती, पहिलीचं ‘ॲक्वालंग’, दुसरीचं ‘माय गॉड’. सीडीवर बाजूच उरल्या नाहीत. बाजू उलटायला उठावं लागे, तेवढ्यात पहिल्या बाजूची माणसं बाहेर जात आणि दुसऱ्या बाजूचा देव आत येई. अँडरसन कायम सांगत आला की हा एका सूत्रात बांधलेला अल्बम नव्हेच. समीक्षकांनी ऐकलं नाही, तेव्हा त्याने पुढच्याच वर्षी ‘थिक ॲज अ ब्रिक’ हा एकाच गाण्याचा अख्खा अल्बम काढून त्यांची टर उडवली.

मेलोट्रॉन. मेरीच्या सुरुवातीला बासरीखालून व्हायोलिनांसारखं जे काही दाटत येतं ते टलच्या जॉन इव्हनने वाजवलेलं मेलोट्रॉन. दिसायला पेटीसारखं, आतून टेपरेकॉर्डरांचं कुटुंब. बर्मिंगहॅमजवळ बनत असे. १९७० च्या नमुन्यात ३५ पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा, त्यावर खऱ्या वादकाने वाजवलेला एकच सूर. पट्टी दाबली की फीत हेडवरून सरकू लागते. साधारण आठ सेकंद. मग फीत संपते आणि सूर जिथल्या तिथे तुटतो. बोट उचललं की स्प्रिंग फितीला मागे खेचून घेते. लांब सूर हवा असेल तर वादकाने बोटांची अदलाबदल करत राहायचं, म्हणजे एक फीत मागे जात असताना दुसरी पुढे येते. वीज थोडी कमीजास्त झाली की अख्खा व्हायोलिनवृंद किंचित बेसूर. गारठा, दमट हवा, ट्रकमधले धक्के, सगळ्याची त्याला बाधा. दौऱ्यावर नेणाऱ्यांनी त्याला जन्मभर शिव्या दिल्या. कारखाना १९८६ मध्ये बंद झाला. पुढे यंत्राचा पुनर्जन्म झाला आणि त्याच सुरांचे नमुने आता कुठल्याही संगणकात बसतात. तिथे आठ सेकंदांची मर्यादा मुद्दाम घातलेली असते. हवी असेल तर, नको असेल तर बंद करायची सोय आहे. तिथेच सगळं संपतं असं माझं मत. मर्यादा बंद करता आली की ती नखरा होते.

मेडनकडे मेलोट्रॉन नव्हतं. त्या जागी गिटारी आहेत.

बासरीच्याही जागी गिटारीच आहेत. अँडरसन १९६७ पर्यंत गिटार वाजवत होता. एरिक क्लॅप्टनच्या पंगतीला आपण बसू शकणार नाही, हे लक्षात आल्यावर गिटार देऊन त्याने बासरी घेतली. शिकवायला कुणी नाही. फुंकताना गळ्यातून गुणगुणायचं, थुंकल्यासारखे झटके द्यायचे, मधूनच खेकसायचं. ही तऱ्हा अमेरिकन जॅझवादक रोलंड कर्कची. अभिजात परंपरेतल्या बासरीवादकाने कानावर हात ठेवावेत असा तो आवाज. त्या बासरीत माणसाचा श्वास ऐकू येतो, तो भरून घेतानाची धापही. मेडनच्या जोडगिटारी, डेव्ह मरी आणि एड्रियन स्मिथ, फार नेटक्या आहेत, पण गिटारला श्वास घ्यावा लागत नाही. चढवलेल्या ॲम्प्लिफायरवर सूर धरला की धरला. गाणं त्यामुळे धावतं, आणि धावताना दमत नाही. मेडनची मेरी मला कमी खट्याळ आणि जास्त भरधाव वाटते त्याचं कारण एवढंच असावं.

गळ्यांचाही फरक बघण्यासारखा. अँडरसन खालच्या पट्टीत, नाकातून, गावातली भानगड सांगावी तशा सुरात गातो. मेडनचा ब्रूस डिकिन्सन वरच्या सप्तकात जाऊन तीच भानगड राजदूताच्या घोषणेसारखी ऐकवतो. दोघांनाही गाण्यातला वात्रटपणा कळलेला आहे, पण एकाने तो ओठ मुडपून गायला आणि दुसऱ्याने छाती काढून.

दोन खोल्या. टलने ध्वनिमुद्रण केलं लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये, बेसिंग स्ट्रीटवरच्या स्टुडिओत. तो एका जुन्या प्रार्थनागृहात होता. टल मोठ्या दालनात, आणि त्याच दिवसांत खाली लहान स्टुडिओत लेड झेपेलिन आपल्या चौथ्या अल्बमवर बसलेले. टलचा मार्टिन बार ‘ॲक्वालंग’ची गिटार वाजवत असताना झेपेलिनचा जिमी पेज आत आला आणि त्याने हात केला. आपण हात करायला गेलो तर सूर जाईल म्हणून बार नुसता हसला आणि वाजवत राहिला. ही हकिगत बारने अनेकदा सांगितली आहे. अँडरसनला ते मोठं दालन कधी आवडलं नाही. थंड, घुमणारं, कानाला न कळणारं.

मेडनने ‘पीस ऑफ माइंड’, म्हणजे ‘द ट्रूपर’ ज्यात आहे तो अल्बम, केला बहामामध्ये, नासाउच्या कंपास पॉइंट स्टुडिओत, समुद्राकाठी. एकीकडे प्रार्थनागृह, दुसरीकडे नारळीची झाडं. आणि दोन्ही खोल्यांचा मालक एकच, आयलंड रेकॉर्ड्सचा ख्रिस ब्लॅकवेल. बॉब मार्लीला जगभर नेणारा तो हाच. कंपास पॉइंट २०१० मध्ये बंद पडला. बेसिंग स्ट्रीटची जागा हातोहात फिरली. १९८४ मध्ये बँड एडचं नाताळचं गाणं तिथेच मुद्रित झालं, पुढे तिथे घरं बांधायच्या योजना आल्या. ‘पीस ऑफ माइंड’चा निर्माता मार्टिन बर्च २०२० च्या ऑगस्टमध्ये गेला. त्याने मेडनचा आवाज ठरवला होता. १९९२ नंतर त्याने हे काम सोडूनच दिलं.

ढोल. टलकडे क्लाइव्ह बंकर, मेडनकडे निको मॅकब्रेन. बंकर ‘ॲक्वालंग’ झाल्यावर लगेच बँड सोडून गेला. निकोसाठी ‘पीस ऑफ माइंड’ हा मेडनमधला पहिला अल्बम. मेटलवाले दोन्ही पायांनी बास ड्रम बडवत असताना हा एकाच पायावर काम भागवायचा. २०२४ च्या ७ डिसेंबरला साओ पाउलोमध्ये त्याने दौऱ्यांतून निवृत्ती घेतली.

पट्ट्यापट्ट्यांचा सूट. जेफ्री हॅमंड, ‘ॲक्वालंग’वर बेस वाजवणारा, अँडरसनचा शाळासोबती. बँडमध्ये आला तेव्हा वाजवण्यापेक्षा चित्रकलेत जास्त रमलेला. पुढे मंचावर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा सूट घालायचा, बेसही तसाच पट्ट्यांचा. १९७५ मध्ये बँड सोडला, सूट जाळला आणि पुन्हा चित्रं काढायला लागला.

मेरी. तिच्याबद्दल थोडं स्पष्ट बोललं पाहिजे. गाण्यातली मुलगी शाळकरी वयाची आहे आणि तिच्याभोवती वयस्क, पैसेवाले पुरुष घोटाळतात. गाणं त्या पुरुषांची खिल्ली उडवतं हे खरं. पण ते मेरीकडे बघूनही मिष्कील हसतं, हेही तितकंच खरं. १९७१ च्या इंग्लंडमध्ये असं गाणं लिहिताना कुणाच्या भुवया उंचावल्या नाहीत. १९८३ मध्ये मेडनला ते जवळचं वाटलं यातही नवल नाही, त्यांच्याकडे आधीपासून शार्लट नावाची वेश्या दोन गाण्यांतून वावरत होती. अशा मुलीवर डोळे मिचकावून लिहायची मुभा आता उरलेली नाही. या यादीतली ही एकच वस्तू, जी गेल्याचं मला वाईट वाटत नाही.

उलटा निरोप. ‘पीस ऑफ माइंड’वरच्या ‘स्टिल लाइफ’ या गाण्याच्या आधी काही सेकंद कुणीतरी अगम्य बरळतं. आदल्या वर्षी ‘द नंबर ऑफ द बीस्ट’मुळे अमेरिकेतल्या धर्माभिमान्यांनी मेडनला सैतानाचे दूत ठरवलं होतं. तबकड्यांत उलटे मंत्र लपवले आहेत, असा त्या काळी बोलबाला होता. मेडनने खरंच एक लपवला. तबकडी बोटाने उलटी फिरवली की निको ऐकू येतो, ब्रिटिश विनोदी नट जॉन बर्डने केलेल्या इदी अमीनच्या नकलेची नक्कल करत. नंतर एक ढेकर. पोरांनी टर्नटेबलवर तर्जनी ठेवून, सुईचं वाटोळं करत, कान लावून ऐकलं आणि आत ढेकर निघाली. आता संगणकावर एका बटणात गाणं उलटं होतं. लपवायला जागा राहिली नाही आणि शोधायला तर्जनीही लागत नाही.

एक बक्षीस. १९८९ च्या फेब्रुवारीत ग्रॅमीने पहिल्यांदा हार्ड रॉक आणि मेटल मिळून एक पुरस्कार दिला. स्पर्धेत एसी/डीसी, इगी पॉप, जेन्स ॲडिक्शन, आणि सगळ्यांच्या मते आधीच जिंकलेली मेटालिका. त्या रात्री मेटालिकाने मंचावर वाजवलंसुद्धा. पाकीट उघडलं आणि नाव निघालं जेथ्रो टल, ‘क्रेस्ट ऑफ अ नेव्ह’ या अल्बमसाठी. सभागृहात हशा आणि हुर्यो. टलचं कुणी हजरच नव्हतं, कारण जिंकण्याची शक्यता नाही असं त्यांच्याच कंपनीचं मत होतं. नंतर त्या कंपनीने जाहिरात देऊन, बासरी हे जड धातूचंच वाद्य आहे असा पाणचट पण प्रसंगाला शोभेसा खुलासा केला. तीन वर्षांनी मेटालिका जिंकली तेव्हा त्यांच्या लार्स उलरिकने यंदा अल्बम न काढल्याबद्दल टलचे आभार मानले. टलच्या त्या बक्षिसानंतर पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, ग्रॅमीने त्या विभागाचे दोन तुकडे केले होते, २०१२ मध्ये परत जोडले, दोन वर्षांनी परत तोडले.

टल मेटल आहेत का, हा तेव्हाचा वाद. त्याचं उत्तर मेडनने सहा वर्षं आधी मागच्या बाजूवर देऊन ठेवलं होतं. बासरी काढा, वेग वाढवा, आहेत. परीक्षकांपैकी कुणी ते ऐकलं होतं असं मात्र वाटत नाही. मागची बाजू ऐकतो कोण!

मुंबई, २००८. दोन्ही बँड त्या एकाच वर्षात इथे येऊन गेले. १ फेब्रुवारीला मेडन, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर. त्यांच्या जागतिक दौऱ्याची सुरुवातच मुंबईतून झाली, बँडसाठी खास भाड्याने घेतलेलं बोईंग ७५७, आणि ते चालवणाऱ्यांत खुद्द डिकिन्सन. वर्षअखेरीस टल, अनुष्का शंकरबरोबर. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याने त्यांची मैफल पुढे गेली आणि ५ डिसेंबरला पीडितांच्या मदतीसाठी झाली. वांद्र्याला ‘द ट्रूपर’ वाजलं, हजारो गळे बरोबर गायले. त्या गाण्याला एक पाठ होती आणि त्या पाठीवरचा माणूस दहा महिन्यांनी याच शहरात येणार होता, हा योगायोग त्या मैदानात किती जणांच्या ध्यानात असेल? काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस तेव्हा चालू होतं. २०१६ मध्ये तेही मिटलं.

कंसातलं नाव. तबकडीच्या मधोमध कागदी गोल. त्यावर गाण्याचं नाव आणि त्याच्याखाली, कंसात, लहान टाइपात, लिहिणाऱ्याचं आडनाव. पुढच्या बाजूला हॅरिस, मागच्या बाजूला अँडरसन. गाणं सुरू व्हायची वाट बघत असताना नजर तिथेच असायची, दुसरीकडे बघायला काही नसेच. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा, हॅमरस्मिथचा असो की आणखी कुठला, मेडनच्या पाचजणांची नावं त्याला तोंडपाठ. त्यांत अँडरसन कुणी नाही. मग हा कोण? तिथून पुढचा शोध. कुणी थोरला भाऊ, कुणी दुकानदार सांगे. जुना अल्बम हाती येई, वेष्टनावर फाटक्या कोटातला म्हातारा. मेटलच्या मुलाच्या हाती अशी बासरी येत असे. मला या सगळ्या सामानात हा कंस सर्वांत मोलाचा वाटतो. मागची बाजू ही कर्ज फेडायची जागा होती आणि सावकाराचं नाव कंसात असे. आज ते नाव दोन-तीन वेळा बोट दाबलं की सापडतं, पण शोधायचं आहे हे आधी माहीत असावं लागतं. कंस न मागता दिसायचा.

पुढे मेडनने मागच्या बाजू गोळा करून पेट्यांत घातल्या. १९९० मध्ये ‘द फर्स्ट टेन इयर्स’, प्रत्येक भागाच्या शेवटी निकोच्या गप्पा. १९९५ च्या आवृत्तीत मेरी ‘पीस ऑफ माइंड’सोबतच्या जादा सीडीवर होती, १९९८ च्या आवृत्तीत ती जादा सीडी काढून टाकली. २००२ मध्ये ‘एडीज आर्काइव्ह’ नावाच्या धातूच्या पेटीत मागच्या बाजूंचा वेगळा संच निघाला. संग्राहकांसाठी उत्तम. पण सगळ्या पाठी एकत्र केल्या की त्या पुढच्या होतात.

धुरकटपणा. ‘ॲक्वालंग’चं मूळ मिश्रण कायम थोडं गढूळ होतं, त्या थंड दालनाचा तो प्रसाद. अँडरसनला ते खटकत राहिलं. २०११ मध्ये, चाळीस वर्षांनी, स्टीव्हन विल्सनने मूळ फिती घेऊन सगळं नव्याने बसवलं. आता मेरीत पियानो वेगळा, बेस वेगळा, बासरीतली थुंकीसुद्धा वेगळी ऐकू येते. उत्तम काम आहे, मी तीच आवृत्ती लावतो. मेडनने मात्र ऐकून उचललं होतं ते गढूळ गाणं. २०११ च्याच डिसेंबरात कँटरबरी कॅथीड्रलमध्ये अँडरसनच्या नाताळच्या मैफलीत डिकिन्सन पाहुणा म्हणून गायला. गायला तो ‘जेरुसलेम’. कॅथीड्रलमध्ये मेरीला कोण बोलावणार?